घोडीचं रक्त लवकर बसतं

१

"नळी हातात आली की आधी पाहायचं, मग हलवायचं. हा नेम मोडायचा नाही, मुली. देवाचा नेम चुकला तर देव समजून घेतो. नळी समजून घेत नाही."

बाईंचं हे वाक्य वहिनीने आठ महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते तिला ऐकूच येईनासं झालं होतं. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत राहतं आणि कानाला कळतही नाही, तसं. आणि आज, नेमक्या बाई नसताना, साडेअकराच्या सुमाराला तिच्या पुढ्यात एक असा कागद होता, की त्याचं म्हणणं खरं मानलं तर गावाबाहेरच्या तबेल्यातली काजळी नावाची घोडी या घटकेला जिवंतच असायला नको होती.

पोटॅशियम हवं चारच्या आसपास, आलं होतं बारा. कॅल्शियम हवं बारा, आलं होतं तीन. रक्तात पेशींचं प्रमाण शंभरात अडतीस-चाळीस असावं, ते त्रेसष्ट. म्हणजे रक्त काकवीसारखं दाट.

जनावरांच्या दवाखान्याची ही लॅब बाईंनी एकतीस वर्षं सांभाळली होती. चार दिवसांपूर्वी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्या लेकीकडे गेल्या, तेव्हा किल्ल्या वहिनीच्या हातावर ठेवून गेल्या. वहिनी ही खरं तर एकाचीच वहिनी, दवाखान्याची गाडी चालवणाऱ्या धाकट्या भावजींची. त्यांनीच तिला इथे शिकायला आणलं. ते वहिनी म्हणत, म्हणून खिडकीवर नोंदी करणारी म्हणू लागली, कंपाउंडर काका म्हणू लागले, आणि साठीचे डॉक्टरसुद्धा. एकट्या बाईच काय त्या "मुली" म्हणायच्या.

आकडे पाहून तिने सगळं पुन्हा एकदा यंत्रात घातलं. पुन्हा तेच. मग तिने फोन उचलला आणि तबेल्यात उभ्या असलेल्या डॉक्टरांना सगळं वाचून दाखवलं. तिचा आवाज स्थिर होता. शिकवणच तशी होती.

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काजळीच्या पोटात पहाटेपासून मरणाचा शूळ उठला होता. आतडं अडकलं असावं. दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तर ऑपरेशन होऊ शकलं असतं, आणि न्यायची की नाही हे रक्तावर ठरणार होतं. या रक्तावर ती वाटेतच जाईल, हालहाल होऊन. त्यापेक्षा इथेच शांतपणे झोपवलेली बरी. घोडेवाल्या मास्तरांनी फक्त चार वाजेपर्यंत थांबायला सांगितलं होतं. त्यांची लेक निघाली होती. ती याच घोडीवर बसायला शिकली होती.

फोन ठेवून वहिनीने घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा.

काजळी चार वाजता जाणार होती, आणि ती वहिनीच्या कागदाने जाणार होती.

२

पाच मिनिटांत तिने पुन्हा फोन लावला. घोडी कशी आहे, एवढंच विचारलं.

उभी आहे, डॉक्टर म्हणाले. पाणीसुद्धा हुंगते आहे. पण ते इंजेक्शनमुळे, त्यावर जाऊ नकोस.

वहिनीने जीव गोळा करून सांगितलं, की एवढं पोटॅशियम असलेलं काळीज धड चालायला नको, आणि एवढं कमी कॅल्शियम असलेली घोडी थरथरत आडवी पडायला हवी. मग ही उभी कशी?

"वहिनी, दोनदा चालवलंस, दोनदा तेच आलं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "तिसऱ्यांदा वेगळं यावं अशी तुझी इच्छा आहे, की तुझ्याकडे कारण आहे?"

तिने कागदावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले.

"सकाळपासून सहा सुया टोचल्यात मी तिला. आणि त्या मास्तरांना खोटी आशा दाखवायला माझी जीभ रेटत नाही. कारण आण, मी या क्षणी रक्त काढतो."

कारण. यंत्र बिघडलं म्हणावं, तर त्याच पेटीतून वाटेवरच्या गोठ्यातल्या दोन गाईंच्या नळ्या आल्या होत्या आणि त्यांचे आकडे सरळ, शहाण्यासारखे होते. नळ्यांची अदलाबदल म्हणावी, तर गाईंच्या, प्रत्येकीची एक लाल टोपणाची आणि एक जांभळ्या, अशा चारही नळ्या जागच्या जागी होत्या, आणि घोडी पेटीत एकच होती.

शेवटी तिने बाईंनाच फोन लावला. लेकीने उचलला. आईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, बोलायला मनाई आहे, असं ती सांगू लागली, तोच मागून बाईंचा आवाज आला, की पट्टी डोळ्यांवर आहे, कानांवर नाही. फोन त्यांच्या हाती गेला. वहिनीने एका दमात सगळं सांगितलं.

बाईंनी ना आकडा विचारला, ना यंत्राचं नाव काढलं. त्यांनी एकच प्रश्न केला.

"जांभळ्या टोपणाची नळी हातात आली तेव्हा आधी पाहिलंस, की आधी हलवलंस?"

आणि लेकीने फोन काढून घेतला.

३

आधी हलवलं होतं.

वहिनीचे कान तापले. सकाळी सव्वादहाला पेटी आली, तेव्हा घाई होती, मनात घोडीचा शूळ होता, आणि तिने नळी उचलली ती थेट हातात उलटसुलट करत. रक्त तपासण्याआधी हलवून एकसारखं करावंच लागतं. पण त्याच्या आधी एक नजर टाकायची, एवढाच तर नेम होता.

काय दिसलं असतं त्या नजरेला?

पहिल्याच आठवड्यात बाईंनी तिला दोन नळ्या शेजारी उभ्या करून दाखवल्या होत्या. एक गाईची, एक घोड्याची. अर्ध्या तासाने घोड्याच्या नळीत लाल खाली बसलं होतं आणि वर स्वच्छ पिवळं पाणी उभं राहिलं होतं. गाईची नळी मात्र होती तशीच लालभडक. बाई हसून म्हणाल्या होत्या, "गंमत बघ. गाय उठल्यासुटल्या बसते, पण तिचं रक्त काही बसत नाही. आणि घोडा उभ्या उभ्या झोपतो, पण त्याचं रक्त लगेच बसतं."

वहिनीने स्टँडकडे धाव घेतली. गाईंच्या दोन्ही जांभळ्या टोपणाच्या नळ्या अजून लालच होत्या. काजळीची नळी सकाळी हलवून ठेवली होती, तरी एव्हाना तिच्यातलं रक्त पुन्हा बसू लागलं होतं. पण वरचा पिवळा थर कसा होता? नखाएवढा. खाली नुसतं गच्च लाल. आणि आणखी एक गोष्ट, जी सकाळी तिच्या नजरेतून निसटली होती. गाईंच्या नळ्या काचेवरच्या रेषेपर्यंत काठोकाठ होत्या. काजळीची रेषेच्या बरीच खाली. तिने पट्टी लावून मोजलं. पाच भागांतले दोन भाग नव्हते. तपासणीला तर चार थेंब पुरतात.

तिने कंपाउंडर काकांना फोन लावला. रक्त त्यांनीच काढलं होतं. नळी थोडी कमी भरली होती का, असं तिने भीत भीत विचारलं, आणि काका दुखावले. बत्तीस वर्षांत रेषेला न लागलेली नळी त्यांच्या हातून सुटली नव्हती. नऊ वाजता शीर धरली, आधी लाल नळी भरली, मग जांभळी, आणि भरल्या भरल्या दोन्ही भावजींच्या पेटीत. डॉक्टर समोर उभे होते. हवं तर त्यांनाच विचार, म्हणाले, आणि तूच विचारायची राहिली होतीस बघ, कानामागून आली अन् तिखट झाली.

मग ती खिडकीवालीकडे गेली. पेटी आल्यावर नळ्या आधी तिच्या हाती जातात. तिचं काम असं, की प्रत्येक नळीला नंबराची चिकटपट्टी लावायची, अशी आडवी, की अर्धी टोपणावर येईल आणि अर्धी काचेवर. पट्टी फाडल्याशिवाय टोपण निघत नाही.

"मी नळ्यांना हात लावला तो एवढाच," खिडकीवाली म्हणाली, "आणि सगळ्यांदेखत. विचारायचंच असेल तर तुमच्या भावजींना विचारा, आज त्यांच्या अंगात काय संचारलंय ते. ज्या माणसाला गाडी धुवा म्हणून चारदा सांगावं लागतं, तो सकाळपासून न सांगता धुतोय. पेटीतला फोमसुद्धा बॉनेटवर वाळत घातलाय, जसं काही लेकराचं दुपटं."

वहिनीने खिडकीतून बाहेर पाहिलं. पांढरा फोम उन्हात पडला होता. त्याच्या एका कोपऱ्यावर पिवळट डाग होता.

४

ती लॅबमध्ये परतली, दार लावलं आणि स्टुलावर बसली. शब्दकोड्यात एक शब्द बसला की शेजारचे आपोआप दिसू लागतात, तसं तिचं झालं होतं.

जांभळ्या नळीतून पाच भागांतले दोन गेले. काय गेलं? ताजं, सगळं लाल असलेलं रक्त ओतलं असतं, तर पेशी आणि पाणी दोन्ही सारखंच गेलं असतं आणि दाटपणा होता तेवढाच राहिला असता. मग तिने कागदाच्या पाठीवर मांडलं. निरोगी घोडी, शंभर भाग रक्त, त्यात अडतीस भाग पेशी. त्यातलं चाळीस भाग नुसतं वरचं पिवळं पाणी ओतून टाकलं, तर उरले साठ. पेशी मात्र होत्या तेवढ्याच, अडतीस. साठात अडतीस म्हणजे शंभरात किती?

त्रेसष्ट.

तिने गणित तीनदा केलं. तीनदाही त्रेसष्टच आलं. काजळीचं रक्त दाट नव्हतंच. दाट होती ती नळी.

आणि ते पिवळं पाणी गेलं कुठे? लाल टोपणाच्या नळीत, दुसरीकडे कुठे जाणार. पोटॅशियम आणि कॅल्शियम मोजतात ते त्याच नळीतल्या पिवळ्या पाण्यात. जांभळ्या नळीला आतून औषध लावलेलं असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. आणि ते औषध असतं पोटॅशियमचं मीठ. त्या नळीतलं पाणी लाल नळीत पडलं, की कॅल्शियम पाताळात आणि पोटॅशियम आभाळात जाणार. बाराच्या जागी तीन, चाराच्या जागी बारा. बाईंच्या वहीत पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं: जांभळं लालात कधी नाही, थेंबभरही नाही.

आता एकच प्रश्न उरला. कुणी?

पिवळं पाणी वर यायला अर्धा तास लागतो. म्हणजे साडेनऊच्या आधी हे झालेलं नाही. काकांच्या हातून नळ्या नऊलाच सुटल्या होत्या. काका सुटले. इथे आल्यावर झालं असेल? तिने कचऱ्याचा ट्रे ओढला. काजळीच्या दोन्ही चिकटपट्ट्या त्यात होत्या, मधोमध सरळ कापलेल्या, तिच्या स्वतःच्या कात्रीने. तिच्याआधी त्या कुणी उचकटल्या नव्हत्या. म्हणजे टोपणं उघडली गेली ती पट्टी लागण्याआधी. खिडकीवाली सुटली.

साडेनऊनंतर आणि सव्वादहाच्या आधी. काजळीच्या नळ्या तेव्हा रस्त्यावर होत्या. आणि रस्त्यावर माणूस एकच होता.

वहिनीने डोळे मिटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन महिन्यांपूर्वी भावजींच्या हातून एक नळी फुटली होती, तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, की पुन्हा सांडलं तर गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची. घरी सासूबाईंना ते अजून कुणी सांगितलेलं नव्हतं.

घड्याळात एक वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

५

भावजी चौथ्यांदा तीच काच पुसत होते. वहिनी जवळ जाऊन उभी राहिली आणि तिने फोमच्या त्या डागावर नुसतं बोट ठेवलं.

"ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला कट मारायला गेलो असेन म्हणून वाटलं असेल तुम्हाला," भावजी म्हणाले. "तसं नाही. पुलाजवळच्या वळणावर कुत्रं आडवं आलं. वाचवलं त्याला."

"ते कुत्रं वाचलं, भावजी. घोडी चार वाजता मरणार आहे."

हातातलं फडकं खाली पडलं. मग सगळं बाहेर आलं, तुटक तुटक, नजर जमिनीवर ठेवून. ब्रेक लागला, पेटी कलंडली, लाल नळीचं टोपण सैल होतं ते उडालं. गोठलेला गोळा आत राहिला, पण वरचं पिवळं पाणी फोमने पिऊन टाकलं. पाण्याशिवाय वहिनी तपासणार काय, आणि डॉक्टर म्हणणार काय? शेजारी जांभळी नळी होती. तिच्यातही वर तसंच पिवळं पाणी आलं होतं, अगदी तसंच.

"मला वाटलं, घोडी तीच, रक्त तेच, पाणी तेच. टोपणाचा रंग काय, नुसता ओळखायला असेल." त्यांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "रोज तुम्ही ते पिवळंच तर काढून घेता, वहिनी. मी दारातून बघितलंय. म्हटलं, यात बिघडणार ते काय?"

वहिनीला रागवायचं होतं, पण राग येईना. माणूस रोज दारातून पाहत होता, लक्ष देऊन पाहत होता, आणि कुणी त्याला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

"मी आता डॉक्टरांना फोन करते," ती म्हणाली. "तुमचं नाव मी घेणार नाही. ते माझं काम नाही."

"नाव मी सांगेन. आज. त्यांच्या तोंडावर."

"शब्द?"

"तुमच्या पायाची शपथ, वहिनी."

"पाय राहू द्या. शब्द पुरे आहे."

६

डॉक्टरांनी उचलला तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"कारण सापडलं," वहिनी म्हणाली, आणि तिने साठात अडतीसचं गणित सांगितलं, आणि पिवळं पाणी कुठून कुठे गेलं तेही. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलंच.

"लॅबची. मी नळी पाहायच्या आधी हलवली. पाहिली असती तर तेव्हाच कळलं असतं. बाकीचं संध्याकाळी कळेल तुम्हाला. आता रक्त काढा."

डॉक्टर म्हणाले, काढतो, पण नळी तिथे पोचायला तास, कागद व्हायला आणखी अर्धा तास. तोवर घोडी पुन्हा शूळाने लोळू लागली तर ट्रकमध्ये चढवायची कशी? उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, वहिनी.

"नळी इथे पाठवूच नका," वहिनी म्हणाली. "जांभळ्या टोपणाची नळी रेषेपर्यंत भरा, औषध मिसळेल इतकी हलकेच उलटसुलट करा, आणि एका पेल्यात सरळ उभी करून खिडकीत ठेवा. अर्धा तास कुणी हात लावायचा नाही. काजळीचं रक्त खरंच दाट असेल तर वर पिवळं नखभरसुद्धा येणार नाही. आणि दाट नसेल तर अर्ध्याच्या आसपास येईल. घोडीचं रक्त लवकर बसतं."

मग डॉक्टर हसले, सकाळपासून पहिल्यांदा. तीस वर्षं घोडे तपासतोय, म्हणाले, आणि पेला आणि खिडकी सुचली ती तुला.

तो अर्धा तास वहिनीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास होता. भावजी लॅबच्या उंबऱ्यावर बसले होते. खिडकीवाली कामाचं निमित्त काढून तीनदा आत डोकावली आणि चौथ्यांदा निमित्त न काढताच येऊन उभी राहिली. वहिनी मनातल्या मनात रोजची प्रार्थना म्हणत होती आणि दर दोन ओळींनी तिच्या आड घड्याळाचा काटा येत होता. दोन पस्तीस. दोन चाळीस. पंचेचाळीस. फोन गप्प होता.

दोन एकावन्नला तो वाजला.

"वहिनी," डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "अर्ध्याच्या किंचित खाली आलंय आणि अजून बसतंय. लख्ख पिवळं. मास्तर पेल्यापुढे मांडी घालून बसलेत, उठायला तयार नाहीत. ट्रक मागवलाय."

खिडकीवालीने चटकन पदराने डोळे टिपले आणि धूळ फार झालीय म्हणाली. भावजींनी कपाळ गुडघ्यांना टेकवलं.

७

काजळी तीन वाजून दहा मिनिटांनी निघाली. मास्तरांच्या लेकीला वाटेतच फोन गेला आणि ती परस्पर मोठ्या दवाखान्याकडे वळली. सव्वापाचला तिचा निरोप आला. आतडं सोडवायचं आहे, अवघड आहे, पण घोडीला आत घेतलं. कागद म्हणाला होता, वाटेतच जाईल. काजळी ट्रकमधून उतरली ती स्वतःच्या पायांनी.

दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. वहिनीने सकाळच्या कागदावर आडवी रेघ मारली, तो बाईंच्या वहीत चिकटवला, आणि नवा कागद सुवाच्य अक्षरात लिहिला: सकाळचा अहवाल चुकीचा होता, कशामुळे, आणि खरं काय. तो तिने पाकिटात घातला. फोनवर सगळं बोलून झालं होतं. हा कागद आता कुणी मागितलेला नव्हता. पण किल्ल्या देताना बाईंनी तिच्याकडून शब्द घेतला होता, की चुकीचा कागद ज्या दारी गेला असेल, त्या दारी बरोबर कागद आपल्या हातानं न्यायचा, मग कुणी रागावो की हसो.

मास्तर ट्रकबरोबर गेले होते, पण तबेल्यात त्यांची पत्नी होती. डॉक्टरही अजून तिथेच होते, बाकीच्या घोड्यांना पाहत.

वहिनीने ॲप्रन काढून खुंटीला लावला. अंगणात आली तर भावजी गाडीपाशी उभे होते. फोम वाळला होता, त्यांनी तो पेटीत नीट बसवला होता. एका हातात गाडीची किल्ली होती. दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी उघडून दाखवली. आत लाल टोपण होतं.

"पुलाजवळच्या पाटीपाशी सापडलं, दार उघडताना रस्त्यावर घरंगळलं होतं," ते म्हणाले. "दुपारी जाऊन शोधलं. नुसतं तोंडानं काय सांगायचं."

सकाळी लाल नळीवर कुठलं टोपण होतं मग, असं वहिनीच्या ओठांवर आलं, आणि तिचं तिलाच उत्तर मिळालं. पेटीत दोन जादा टोपणं नेहमी असतात. त्यातलं एक कमी झालंय, हेही तिने पाहायला हवं होतं.

त्यांनी टोपण आणि किल्ली एकाच खिशात ठेवायला घेतलं, मग किल्ली परत बाहेर काढली. अजून एकदा तरी ती लागणारच होती. वहिनीने पाकीट पदराखाली धरलं आणि पुढच्या सीटवर बसली. पेटी तिने मांडीवर घेतली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. पुलाजवळचं वळण आलं, तेव्हा भावजींनी न सांगता वेग कमी केला.